देऊळ मुंबईच्या अंगाला

जनूआबांना डावं-उजवं नव्हतं. कळत नव्हतं असं नाही, ते वापरतच नसत. त्यांच्या जगाला चार अंगं होती: मुंबईचं, गोव्याचं, दर्याचं आणि घाटाचं. "सुनेत्रा, माझा चष्मा टीव्हीच्या गोव्याच्या अंगाला पडलाय बग," असं ते सुनेला सांगायचे आणि ती, लग्नाला अठरा वर्षं झालेली, न बघता बरोबर त्या बाजूला हात घालायची. मला मात्र पहिले सहा महिने काही उमजत नसे. एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "फोटोवाली, तुज्या ओढणीला मुंबईच्या अंगाला काय तरी लागलंय गो." मी तिथल्या तिथे गोल फिरले. "आता गोव्याच्या अंगाला गेलं," असं म्हणून ते खाली उतरूनही गेले.

फोटोवाली म्हणजे मी. रत्नागिरीत मारुती मंदिरापासून पाच मिनिटांवर माझं छोटं दुकान आहे. पूर्वी पासपोर्ट फोटोंवर भागायचं. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि मी चहाचे मग, टी-शर्ट, उशा आणि फोटोंचे तुकडे जुळवायचे जिगसॉ छापायला लागले. लोकांना स्वतःचा चेहरा मगावर छापून त्यातून चहा प्यायची हौस असते आणि माझं घर त्या हौसेवर चालतं. राहते नाचणे रोडला, एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. समोरचं दार जनूआबांचं. म्हणजे त्यांच्या मुलाचं, सुदेशचं. आता त्या दारामागे बँकेतलं एक नवरा-बायकोचं जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, पण दार उघडलं की मी अजून उगाच खाली बघते, चपलांत आबांची रबरी चप्पल आहे का ते.

आबा खारबंदरचे. इथून एस्टीनं दीड तास, खाडीच्या तोंडावरचं गाव. चाळीस वर्षं ते तांडेल होते. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा मुखत्यार. जाळं कुठं टाकायचं, माघारी कधी फिरायचं, हे त्यानं ठरवायचं आणि सात-आठ माणसांनी मुकाट ऐकायचं. त्यामुळे घरातही त्यांना दोनदा सांगायची सवय नव्हती. एकदा सांगायचे. ऐकलं नाही तर पुन्हा सांगत नसत, आणि मग तुमचं तुम्हाला कळायचं. सकाळी गॅलरीत उभे राहून ते नाक वर करायचे आणि म्हणायचे, "आज दुपारी खारा वारा जोरात हाय." खारा वारा म्हणजे दर्यावरनं येणारा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पहिल्या वर्षी हसल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचे दोन परकर आणि एक चादर समोरच्या आंब्यावरून काढावी लागली, तेव्हापासून त्या वाळवण घालायच्या आधी खाली वाकून "आबा, घालू का?" असं विचारायला लागल्या.

आबांची बायको गेल्यावर सुदेशनं त्यांना इथं आणलं. सुदेश लोट्याच्या एका केमिकल कंपनीत. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. सुनेत्रा शाळेत. आबा दिवसभर गॅलरीत. गॅलरीतून समोर दिसायची ती शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. तिच्याकडे तोंड करून ते खुर्चीत बसायचे. मी एकदा विचारलं, "आबा, टाकीत काय एवढं बघता?"

"टाकीत नाय गो. पलीकडं."

"पलीकडे काय आहे?"

"दर्या हाय. टाकी मधी आली म्हणून तो काय उठून गेला?"

आणि रोज संध्याकाळी, सुनेत्रानं देवापाशी निरांजन लावलं की ते आतल्या खोलीतून म्हणायचे, "दिवा लागला असंल." देवाच्या दिव्याबद्दल नव्हे ते. खारबंदरच्या टोकावर इंग्रजांच्या काळातलं दगडी लाईट हाऊस आहे, पांढरं, मधोमध काळा पट्टा असलेलं. खारबंदरात त्याला कोणी लाईट हाऊस म्हणत नाही, दिवा म्हणतात. तो आपोआप लागतो, त्याला कुणी माणूस लागत नाही, तरीही आबांनी इथून त्याची चौकशी केल्याशिवाय त्यांच्या घरात रात्र होत नसे.

मला ते माणूस म्हणून आवडायचे याचं एक कारण म्हणजे त्यांची जीभ. मिरकरवाड्याला मासळी आणायला कधी कधी मी त्यांना माझ्या स्कूटरवर न्यायची. एका टोपलीपाशी थांबून त्यांनी सुरमईचा कल्ला बोटानं उचलला, खाली ठेवला आणि मला म्हणाले, "ह्या बायनं माझ्यापेक्षा जास्त थंडी काढलीय." विकणारी उसळली. "तांडेल, घ्यायचं नाय तर पुढं व्हा. गिऱ्हाईक नका फोडू." "पुढंच चाललोय," ते म्हणाले, "ही बर्फातनं उठली की सांग तिला, मी इचारलं होतं." ती बाईही शेवटी हसली. चार बांगडे घेऊन आम्ही परत आलो. वाटेत मी ब्रेक दाबला की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून "हळू, हळू" करायचे. दर्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस साळवी स्टॉपच्या सर्कलला घाबरायचा.

बँकेला त्यांचा नवा फोटो हवा होता, तेव्हा ते पहिल्यांदा दुकानात आले. मी स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "कॅमेऱ्यात बघा." ते म्हणाले, "त्यात काय हाय बगण्यासारखं?" आणि माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिले. मी अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत असं वाटत होतं की माझ्या पाठीमागून कुणीतरी लांबून येतंय आणि त्यांना ते आधी दिसलंय. एकदा मी खरंच वळून बघितलं. नंतर लक्षात आलं की दुकानाची ती भिंत पश्चिमेची आहे. बंद खोलीत, ट्यूबलाईटखाली, पंचविसाव्या सेकंदाला या माणसाला दर्या कुठल्या अंगाला आहे ते कळलेलं होतं. हे मला तेव्हा कळलं होतं, हेच तर माझं दुखणं आहे.

मग तो सोफ्याचा प्रकार झाला. एका दुपारी आबा खाली फिरून आले ते तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडं होतं. आत जाऊन सोफ्यावर बसले आणि पाणी मागितलं. त्या बाईंनी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर इकडं तिकडं बघून ते म्हणाले, "सोफा कधी बदललास गो?" बाईंनी त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोचली. त्या शनिवारी सुदेश घरी आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. आबांनाही राग आला होता. "सगळी दारं सारखी, सगळे जिने सारखे. खूण कुठली ठेवलीय तुमी? दर्यात पाण्याला पण खूण असते."

सुनेत्रा हुशार. ती पुढच्या आठवड्यात गावाहून जाळं तरंगत ठेवणारा एक जुना नारिंगी बोया घेऊन आली आणि दाराच्या कडीला दोरीनं बांधून टाकला. त्यानंतर आबांचं दार कधी चुकलं नाही. येणारे-जाणारे विचारायचे, हे काय दृष्ट लागू नये म्हणून का. पण एकदा लोकांच्या तोंडी बसलं ते बसलं. म्हाताऱ्याचं डोकं चाललंय, असं सोसायटीत बोललं जायला लागलं, आणि मग चहात साखर दोनदा पडली तरी लोक एकमेकांकडे बघायचे. माझ्या चहात रोज दोनदा पडते.

खारबंदरच्या बंदरात शिरणं सोपं नाही हे मला त्यांनी जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं. मसाल्याचा डबा म्हणजे डोंगरावरचं देऊळ. स्टीलचा पेला म्हणजे दिवा. दोन चमचे शेजारी शेजारी ठेवले ते खाडीचं तोंड. देवळाखालच्या पाण्यात त्यांनी मूठभर शेंगदाणे टाकले. "हे खडप. पाण्याखालचा खडक. वरनं दिसत नाय. ह्यानं माझ्या देखत तीन बोटी खाल्ल्यात."

"मग यायचं कसं?"

"दर्यातनं बगायचं. देऊळ मुंबईच्या अंगाला, खाडी गोव्याच्या अंगाला, मधी दिवा. हात जोडायचे देवळाला, बोट न्यायची खाडीला. देवळाच्या अंगाला एक वाव, दोन हात पसरून होतं तेवढं, जरी गेलीस तर संपलीस."

"म्हणजे देऊळ डावीकडे," मी म्हटलं.

"तुज्या भाषेत डावीकडं," ते म्हणाले. माझी कीव आल्यासारखं. मग त्यांनी सगळं खडप उचलून खाऊन टाकलं आणि सांगितलं की सुदेश लहान असताना रोज धक्क्यावर येऊन बसायचा. बोटीचा दोर खुंट्याला बांधला गेल्याशिवाय घरी जायचा नाही, आईनं कितीही हाका मारल्या तरी. "उपाशी बसायचा मेला. मी दिव्यापाशी आलो की पयलं धक्क्यावर बगायचो, पोर बसलंय का. बसलं असलं की मग बरं वाटायचं." हे सांगताना ते पेल्याकडे बघत होते. मी सुदेशला ओळखायची तो दमलेला, पोट सुटलेला, फोनवर शिफ्ट लावणारा. धक्क्यावर बसणारा सुदेश मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

त्याच सुदेशची कंपनीनं पनवेलकडच्या प्लांटला बदली केली. जूनमध्ये घर हलवायचं होतं. आबा म्हणाले, "तुमी जावा. मी खारबंदरला जातो. घर हाय, शेजारी भाऊ हाय, भावजय दोन भाकऱ्या थापील. दिवा दिसला की माझं झालं." एकदाच सांगितलं, सवयीप्रमाणे. सुदेश वाईट मुलगा नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. तो मला जिन्यात म्हणाला, "ताई, मला काय त्यांना तिथं सातव्या मजल्यावर कोंडायची हौस आहे? पण उद्या गॅस चालू राहिला, रात्री उठून खाडीकडे गेले, तर मी पनवेलहून काय करू?"

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयाच्या मानानं बरे आहेत, पण नक्की सांगता येत नाही. काहीतरी डोक्याला काम द्या. जिगसॉ द्या, ओळखीच्या जागेच्या चित्राचं. डोकं चालतंही राहील आणि किती चालतंय ते तुम्हालाही दिसेल. तेव्हा बापलेकांत ठरलं. आबांनी जिगसॉ नीट लावला, तर सुदेश स्वतः त्यांना खारबंदरला नेऊन सोडणार. नाही जमलं तर पनवेल. आबा हसले होते. "पोरांचा खेळ लावून दाखवायचा आणि घरी जायचं? चालंल."

सुदेशकडे एक जुना फोटो होता. कॉलेजात असताना एका मित्रानं बोटीतून काढलेला: दिवा, डोंगर, देऊळ, खाडी, सगळं एकात. तो त्यानं मला पाठवला आणि म्हणाला, मोठा करा, तीनशे तुकड्यांचा. नाव, तारीख काही नको, बाबांना अक्षरं वाचता येत नाहीत, उगाच गोंधळ. मी छापला. मे महिना होता आणि लग्नाच्या दीडशे मगांची ऑर्डर डोक्यावर होती. नवरा-नवरीची नावं, बदाम, मोर. मधेच हा एक जिगसॉ दाबून काढला, तुकडे डब्यात भरले आणि घरी येताना त्यांच्या दारातल्या बोयाखाली ठेवला.

रविवारी सकाळी सुनेत्रानं मला घावन्यांना बोलावलं होतं. टेबलावर तुकडे पसरलेले. सुदेश कडेचे तुकडे वेगळे करत होता, आपण सगळे करतो तसं. आबांनी त्याचा हात बाजूला केला. "कडेनं काय करतंस? कड म्हंजे सगळं पाणी. आदी दिवा हुडक." आणि त्यांनी तीनशे तुकड्यांतून काळ्या पट्ट्याचा तुकडा उचलला, मग त्याच्या वरचा पांढरा, मग घुमटी. मला वाटतं पाच मिनिटंही लागली नसतील, पुरा दिवा टेबलाच्या मधोमध उभा. सुदेशनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा ताण उतरलेला होता. मीही मनात म्हटलं, चला, म्हातारबा निघाले घरी.

मग त्यांनी देवळाचा कळस असलेला तुकडा उचलला आणि दिव्याच्या डावीकडे नेला. बसेना. फिरवून बघितला. तरी बसेना. सुदेशनं तो हळूच घेतला, दिव्याच्या उजवीकडच्या डोंगरावर ठेवला आणि तो चपखल बसला. आबांनी तो काढला. पुन्हा डावीकडे. सुदेशनं पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा आबांनी तो काढून हातातच ठेवला.

"बाबा, बसतोय ना तिथं. बघा की."

"बसतोय. पण देऊळ तिथं नाय."

"अहो, चित्रातच आहे तिथं."

"देऊळ गोव्याला कसं गेलं?" आबा म्हणाले.

सुनेत्राला हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. आबा आता चिडले होते. "देऊळ गोव्याला आणि खाडी मुंबईला? असं असंल तर खडप कुठं गेलं? ह्या चित्रावर बोट आणलीस तर माणसं मरतील. हा आमचा दिवा नाय."

मी चित्राकडे बघितलं. मला त्यात काहीच चुकीचं दिसेना. मी सुनेत्राबरोबर एकदा खारबंदरला गेले होते. एस्टी स्टँडवरून, डांबरी रस्त्यावरून, त्यांच्या अंगणातून, जिथून बघावं तिथून दिवा असाच दिसतो, देऊळ उजव्या हाताला. सुदेशनेही जन्मभर तो तसाच बघितला होता, जमिनीवरून. धक्क्यावरूनसुद्धा. खोलीतल्या चार माणसांत दिवा पाण्यावरून ओळखणारा एकच होता, आणि आम्ही त्याचं डोकं तपासत होतो.

आबांनी माझ्याकडे तोंड केलं. "फोटोवाली, तू छापलंस ना? मग तू सांग. हे खरं हाय?"

आणि मी म्हटलं, "आबा, फोटोत असतं तेच आम्ही छापतो. फोटो कशाला खोटं बोलेल?"

मग त्यांनी कळसाचा तुकडा टेबलावर ठेवला, उठले आणि टाकीकडे तोंड करून गॅलरीत जाऊन बसले. पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. एकदा सांगून झालं होतं. उरलेला जिगसॉ सुदेशनं एकट्यानं पुरा केला, मान खाली घालून. चित्र झकास आलं होतं.

जूनमध्ये टेम्पो आला. सामान चढलं, सगळ्यात शेवटी सुनेत्रानं कडीचा बोया सोडून घेतला. आबा पुढच्या सीटवर बसले होते, धुतलेला सदरा, मांडीवर कापडी पिशवी. मी खिडकीपाशी गेले. वाटलं, काहीतरी बोलतील, मासळी नीट बघून घे, स्कूटर हळू चालव. ते म्हणाले, "तुजं मशीन एकदा बग जरा." मी हसून हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं तसं.

जानेवारीत खारबंदरची चार पोरं दुकानात आली. शिमग्याला पालखीच्या वेळी घालायला टी-शर्ट हवे होते, पाठीवर गावचा दिवा. मी म्हटलं, माझ्याकडे फोटो आहे, आणि जुनी फाईल उघडली. पडद्यावर देऊळ डावीकडे होतं.

पहिल्यांदा मला वाटलं, फाईल बिघडली. मग टेम्पोच्या खिडकीतलं आबांचं वाक्य आठवलं.

आमच्या धंद्यात चित्र आधी खास कागदावर उलटं छापतात, आरशात दिसावं तसं. तो कागद वस्तूवर पालथा ठेवून गरम मशीनखाली दाबला की चित्र सुलट उमटतं. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक चौकट असते, तिच्यावर टिचकी मारायची. मारायची राहिली की वस्तूवर सगळं उलटं येतं. नाव उलटं आलं की आंधळ्यालाही कळतं, मग फेकून दुसरं करतात. पण ज्या चित्रात अक्षर नाही, ते उलटलेलं कुणाला कळणार? त्या मे महिन्यात मी दीडशे मगांना टिचकी मारली होती आणि आबांच्या दिव्याला विसरले होते. देऊळ खरंच गोव्याला गेलं होतं. मी पाठवलं होतं.

पोरं गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसले. मला जे वाटलं त्याला लाज हा शब्द पुरत नाही. चूक छापण्यातली होती, ती कुणाच्याही हातून होते. पण त्यांनी मला विचारलं होतं. सगळ्यांत मला. खडपाचे शेंगदाणे मांडून त्यांनी मला सगळं आधी शिकवलं होतं, "देऊळ डावीकडे" हे माझ्याच तोंडचे शब्द होते, आणि वेळ आली तेव्हा मी माणसाऐवजी मशीनची साक्ष दिली. चार दिवस मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. पाचव्या दिवशी सुदेशला लावला आणि एका दमात सांगून टाकलं. मी म्हटलं, "शिव्या दे, पण बोल."

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही या एकदा."

मी नवा जिगसॉ छापला. टिचकी तीनदा तपासली. सकाळच्या गाडीनं पनवेलला उतरले, रिक्षा केली. सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी तपकिरी दारं. नंबर शोधावा लागला नाही. मधल्या एका कडीला नारिंगी बोया लटकत होता.

आबा खिडकीशी बसले होते. अर्धे झाले होते. मी पाया पडले तर त्यांनी नीट, पाहुण्यासारखा आशीर्वाद दिला आणि विचारलं, "तू कुणाची गो?"

"फोटोवाली आबा. रत्नागिरीची."

"बरं, बरं," ते म्हणाले. सुनेत्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पावसाळा सरल्यापासून असं आहे, ती मला नंतर म्हणाली. इथं आल्यावर पहिले दोन महिने रोज संध्याकाळी दिव्याचं विचारायचे, मग विचारायचे थांबले. सुदेशलाही कधी ओळखतात, कधी नाही. डॉक्टर म्हणतात, हे व्हायचंच होतं, जागेमुळे झालं नाही. मी ते ऐकून घेतलं. मला ते पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाही.

सुदेशनं टेबल त्यांच्यापुढे ओढलं आणि मी तुकडे ओतले. किती तरी वेळ आबांनी हात लावला नाही. मग काळ्या पट्ट्याचा तुकडा त्यांच्या बोटांना लागला आणि बोटं थांबली. त्यांनी तो मधोमध ठेवला. घुमटी सापडली. मग त्यांनी कळसाचा तुकडा उचलला. तो त्यांनी दिव्याच्या डावीकडे नेला, डोंगराचे दोन तुकडे जोडून घेतले आणि त्यांच्यावर टेकवला. टेकवला तो बसला. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं. मग हात जोडले.

दुपार टळेपर्यंत ते लावत होते. मधे जेवले नाहीत. पाणी, मग डोंगर, मग खाडी. त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. ते आमच्याशी बोलत नव्हते. "रघ्या, इंजिन हळू कर," ते म्हणाले.

रघू त्यांच्या बोटीवरचा खलाशी. जाऊन वीस वर्षं झाली असतील. सुदेश त्यांच्या शेजारी बसला होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "केलं, तांडेल."

"देवळाच्या अंगाला नको जाऊ. खडप हाय. गोव्याच्या अंगानं घे."

"घेतली, तांडेल."

"अजून घे." त्यांचं बोट दिव्यापाशी होतं, ते खाडीच्या तोंडाकडे सरकत होतं. खिडकीतून समोर बिल्डिंगी दिसत होत्या, एकीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांची रांग. आबांनी एकदाही वर बघितलं नाही. सुनेत्रानं आत निरांजन लावलं तेव्हा मी उठले. गाडीची वेळ झाली होती. त्यांना सांगून निघावं असं वाटलं, पण ते बंदरात शिरत होते. मी दारात जाऊन चप्पल घालायला लागले.

"हां. आली," मागून त्यांचा आवाज आला. "दोर टाक रघ्या. बांधलास?"

"बांधला."

मी वळून बघितलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर सोडून दिले होते, दमलेल्या माणसासारखे, आणि ते चित्रातल्या खाडीच्या तोंडाशी काहीतरी शोधत होते. मग ते शेजारी बसलेल्या आपल्या पन्नाशीच्या मुलाकडे वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू हो पुढं. सुदेश उपाशी बसला असंल धक्क्यावर. त्याला सांग, बापूस आला म्हणून."

सुदेश म्हणाला, "सांगतो, तांडेल." आणि तो जागचा हलला नाही.